ग्रँडमास्टरचा डाव बघताना पॉज कुठे दाबायचा

ग्रँडमास्टर, म्हणजे बुद्धिबळातला सर्वोच्च किताब मिळवलेला खेळाडू, ऑनलाइन डाव खेळतोय आणि खेळताना डोक्यात काय चाललंय ते मोठ्याने सांगतोय, असे शेकडो तासांचे व्हिडिओ आज फुकट बघायला मिळतात. तीस वर्षांपूर्वी अशी शिकवणी पैसे मोजूनही मिळाली नसती. तरीही बहुतेक जण हे व्हिडिओ क्रिकेटची मॅच बघावी तसे बघतात. तासाभराने सगळं समजल्यासारखं वाटतं, लगेच स्वतःचा डाव लावला जातो आणि आठव्या-नवव्या चालीला घोडा फुकट जातो. उत्तर ऐकल्यावर कोणतंही गणित सोपंच वाटतं. चाल शोधण्याचे कष्ट ग्रँडमास्टरने घेतले, बघणाऱ्याने फक्त मान डोलावली, मग डोक्यात उरणार काय?

म्हणून खाली दिलेल्या सगळ्या पद्धतीचा पाया एकच आहे: त्याने बोलण्याआधी तुमची चाल आणि तिचं कारण कागदावर आलं पाहिजे. वीस-पंचवीस मिनिटांच्या एका व्हिडिओला असं केलं तर सव्वा ते दीड तास लागतो. आठवड्याला असे दोन-तीन व्हिडिओ पुरेत. रोज चार बघणाऱ्यापेक्षा हा माणूस पुढे जातो.

आधी कोणते व्हिडिओ निवडायचे ते बघू, कारण बरेच जण इथेच चुकतात.

सगळ्यात उपयोगी प्रकार म्हणजे स्पीडरन. ग्रँडमास्टर नव्या खात्यावरून कमी रेटिंगपासून (रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा) सुरुवात करतो, एकेक पायरी वर चढतो आणि प्रत्येक पायरीवर समोरचे कसल्या चुका करतात, त्या कशा पकडायच्या, हे बोलत जातो. (हे संकेतस्थळाच्या परवानगीने चालतं. आपण दुसरं खातं काढून खालच्या रेटिंगवाल्यांशी खेळायला जाऊ नये, त्यावर बंदी आहे.) या प्रकारात अमेरिकेचे डॅनियल नारोदित्स्की यांचे व्हिडिओ सर्वांत वर ठेवावे लागतील. २००७ मध्ये १२ वर्षांखालील जागतिक विजेतेपद, २०१३ मध्ये ग्रँडमास्टर किताब, पुढे स्टॅनफर्डमधून इतिहासाची पदवी. खेळ आणि समजावणं या दोन्ही गोष्टी त्यांच्याकडे होत्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये वयाच्या अवघ्या २९व्या वर्षी त्यांचं निधन झालं. त्यांचे स्पीडरन व्हिडिओ आहेत, आणि नवशिक्याला ते अनेक वर्षं पुरतील. डावात ते समोरच्याच्या चालीचा हेतू आधी सांगतात आणि आपली चाल नंतर. हा क्रम नीट लक्षात ठेवा, त्याच्याकडे आपण परत येणार आहोत.

दुसरी मालिका कॅनडाचे ग्रँडमास्टर ॲमन हॅम्बल्टन यांची ‘बिल्डिंग हॅबिट्स’. तिच्यात ते स्वतःवर बंधनं घालून खेळतात. सुरुवातीच्या टप्प्यात मोहरा फुकट द्यायचा नाही, फुकटचा मिळाला तर घ्यायचा, मारामारीची संधी आली की करायची, राजा लवकर कोटात न्यायचा (कॅसलिंग करून, म्हणजे एकाच चालीत राजा आणि हत्ती हलवून), एवढंच. एकही चमकदार चाल न खेळता माणूस किती वर जाऊ शकतो हे त्यात डोळ्यांना दिसतं. रेटिंग हजाराच्या आत असेल तर इथूनच सुरुवात करा.

मराठी वाचकाला जवळचं नाव म्हणजे नाशिकचे विदित गुजराथी. २०२० च्या टाळेबंदीत त्यांनी विनोदी कलाकारांबरोबर केलेल्या थेट प्रक्षेपणांमुळे कितीतरी भारतीय घरांत बुद्धिबळाचा पट पुन्हा बाहेर आला. हिंदी-इंग्रजी मिसळून बोलणं असल्याने इंग्रजीची भीती असलेल्यांनाही ते झेपतं.

ब्लिट्झ आणि बुलेट, म्हणजे मोजक्या मिनिटांच्या झटपट डावांची थेट प्रक्षेपणं मात्र १५०० च्या खालच्या खेळाडूने करमणूक म्हणूनच बघावीत. तीन मिनिटांच्या डावात ग्रँडमास्टर विचार करत नसतो, ओळखत असतो. हजारो डावांतून साठलेली ओळख तो अर्ध्या सेकंदात वापरतो, आणि ती तोंडाने सांगायला त्याला वेळच नसतो. तुमच्या हाती लागते ती चाल, कारण हाती लागत नाही. दहा मिनिटांचे किंवा १५+१० चे, म्हणजे पंधरा मिनिटं आणि प्रत्येक चालीला दहा सेकंद जादा, असे डाव शोधा.

समोरच्याचं रेटिंग तुमच्यापेक्षा २०० ते ३०० ने जास्त असलेला व्हिडिओ घ्या. तुमच्याच पातळीचा घेतला तर चुका ओळखीच्या आणि शिक्षा सोपी. सहाशेने वरचा घेतला तर ज्या बारकाव्यावर ग्रँडमास्टर पाच मिनिटं बोलतो, तो तुमच्या डावांत वर्षभर येणारच नाही. एक सावधगिरी: लिचेस आणि चेस डॉट कॉम या ऑनलाइन बुद्धिबळाच्या दोन संकेतस्थळांचे आकडे सारखे नसतात. लिचेसवर नवा खेळाडू १५०० पासून सुरू होतो आणि खालच्या पातळ्यांवर तिथलं रेटिंग बरंच फुगलेलं दिसतं. व्हिडिओ ज्या संकेतस्थळावरचा आहे, तिथलंच आपलं रेटिंग धरा.

बसण्याआधीची तयारी

खरा पट आणि मोहरी असतील तर उत्तम. पडद्यावरच्या पटापेक्षा हाताने मांडलेली स्थिती डोक्यात जास्त टिकते. पट नसेल तर लिचेसवर खातं काढून ‘स्टडी’ उघडा. हे पूर्ण फुकट आहे, एका स्टडीत ६४ प्रकरणं मावतात आणि प्रत्येक चालीखाली टिपण लिहिता येतं. स्टडीमधलं इंजिन, म्हणजे चाल सुचवणारा संगणक, बंद ठेवा. शंभर पानी वही आणि पेन घ्या. व्हिडिओ फोनवर असेल आणि पट लॅपटॉपवर, तर सारखं खिडक्या बदलणं वाचतं.

यूट्यूबच्या चार कळा पाठ करा: ‘के’ म्हणजे थांबा-चालू, ‘जे’ दहा सेकंद मागे, ‘एल’ दहा सेकंद पुढे, आणि थांबलेल्या अवस्थेत स्वल्पविराम दाबला की एकेक फ्रेम मागे. ही शेवटची कळ फार कामाची आहे, कारण ग्रँडमास्टर कधीकधी समोरच्याची चाल येताच उत्तर खेळतो आणि मधली स्थिती डोळ्यांसमोरून निसटते.

आता उत्तर फोडणाऱ्या गोष्टी झाका. पटाच्या कडेला काळा-पांढरा उभा पट्टा असेल, कोण किती चांगल्या स्थितीत आहे ते दाखवणारा, तर त्यावर कागदाची पट्टी चिकटवा. तो एकदम वर उसळला की ‘इथे काहीतरी आहे’ हे तुम्हाला फुकटात कळतं, आणि खऱ्या डावात असा इशारा देणारं कोणीच नसतं. खालची वेळेची रेषाही झाका. वीस मिनिटं उरली आहेत हे दिसलं की डाव लवकर संपत नाही हे कळून चुकतं. व्हिडिओच्या शीर्षकातच निकाल लिहिलेला असेल तर त्याला इलाज नाही, तो गिळून पुढे चला.

एक अडथळा मराठी घरांतला खास आहे. आजोबांकडून देशी नियमांनी खेळ शिकलेल्यांनी पहिल्या व्हिडिओआधी आंतरराष्ट्रीय नियम पक्के करावेत. प्याद्याची पहिली चाल दोन घरांची असू शकते. राजाला घोड्याची एक उडी मिळत नाही, त्याऐवजी कॅसलिंग म्हणजे किल्लेकोट असतो. शेवटच्या घरात पोचलेल्या प्याद्याचा त्या स्तंभावरचा मोहरा होतो असं नाही, हवा तो करता येतो, आणि जवळपास नेहमी वजीरच करतात. ‘आँ पासाँ’ हा चालता चालता प्यादं मारण्याचा नियमही तेव्हाच शिका. नाहीतर ऐन रंगात आलेल्या डावात हे काय झालं म्हणून अर्धा तास जातो.

घरांची नावं (उभ्या ओळीचं अक्षर ए ते एच आणि आडव्या ओळीचा आकडा १ ते ८) कानाला सरावाची होईपर्यंत थोडं अवघड जातं. बी, सी, डी, ई, जी ही अक्षरं वेगाने बोलली की सारखीच ऐकू येतात. लिचेसवर घरं ओळखण्याचा तीस सेकंदांचा सराव आहे. आठवडाभर रोज पाच मिनिटं केला तर पुढे व्हिडिओचा वेग कमी करावा लागत नाही. आणि काही शब्द पुन्हा पुन्हा येतील. ‘हँगिंग’ म्हणजे राखण नसलेला, फुकट मिळणारा मोहरा. ‘टेम्पो’ म्हणजे एका चालीचा वेळ. समोरच्याला काहीतरी वाचवायला लावून आपला मोहरा पुढे काढला की टेम्पो मिळाला. ‘आउटपोस्ट’ म्हणजे जिथून आपल्या घोड्याला कोणतंही प्यादं हुसकावू शकत नाही असं घर. ‘प्रोफिलॅक्सिस’ म्हणजे समोरच्याचा बेत त्याने सुरू करण्याआधीच मोडणं. ‘झुगझ्वांग’ म्हणजे कोणतीही चाल केली तरी नुकसानच, पण चाल करावीच लागते. ‘लुफ्ट’ म्हणजे मागच्या ओळीवर मात होऊ नये म्हणून राजासाठी प्यादं सरकवून ठेवलेली खिडकी.

पॉज कुठे दाबायचा

प्रत्येक चालीला थांबलात तर दमाल आणि तिसऱ्या दिवशी सोडून द्याल. पहिल्या सात-आठ चाली न थांबता पटावर मांडत जा. त्यानंतर एका डावात पाच-सहा थांबे पुरेत. थांब्याची जागा ओळखण्याच्या खुणा अशा: समोरच्याने काहीतरी मारलं, शह दिला किंवा प्यादं प्याद्याला भिडवलं, बडबडा ग्रँडमास्टर एकदम गप्प झाला, तो म्हणाला की इथे दोन-तीन पर्याय आहेत, किंवा समोरच्याची चाल पटकन समजली नाही. शेवटची खूण सर्वांत महत्त्वाची. समोरच्याची चाल पडली की लगेच थांबायचं. ग्रँडमास्टरने पटावर हिरवे-लाल बाण काढायला सुरुवात केली की उशीर झालेला असतो.

थांबल्यावर दोन ते तीन मिनिटं घ्या. याच क्रमाने विचारा:

१. समोरच्याच्या शेवटच्या चालीने काय बदललं? कशावर नवा मारा आला आणि कशाची राखण सुटली?
२. दोन्ही बाजूंचे सगळे शह, सगळ्या मारामाऱ्या आणि वजिरावरचे हल्ले कोणते?
३. असं काही नसेल तर माझा सर्वांत आळशी मोहरा कोणता, आणि त्याला कुठे नेऊ?

मग वहीत तीन गोष्टी लिहा: माझी चाल, एका ओळीत कारण, आणि समोरच्याचं अपेक्षित उत्तर. ‘चांगली वाटते’ हे कारण नाही. ‘घोडा डी५ वर गेला की सी७ आणि एफ६ दोन्हीकडे बघतो’ हे कारण आहे. लिहिण्याचा कंटाळा येतो, पण न लिहिता मनात ठेवलेली चाल ग्रँडमास्टरने वेगळी चाल खेळताच आपण नकळत बदलतो आणि ‘मलाही हेच वाटत होतं’ म्हणतो. शाईने लिहिलेलं बदलता येत नाही.

आता व्हिडिओ सुरू करा, आणि तुलना करताना चालीपेक्षा कारणाला वजन द्या. चाल तीच पण कारण वेगळं असेल तर अर्धा गुण. चाल वेगळी पण कारण तेच असेल, उदाहरणार्थ दोघांनीही घोडा मध्यभागी आणायचं ठरवलं पण वाट वेगळी घेतली, तर पाऊण गुण. हे उलटं वाटेल. पण तीच स्थिती तुमच्या डावात पुन्हा येणार नाही, तेच कारण मात्र शंभर वेळा येईल.

लहान मूल शिकत असेल तर रिमोट आईने किंवा बाबांनी हातात ठेवावा. त्यांना खेळ येत नसला तरी चालतं. समोरच्याने काही मारलं की थांबवायचं आणि विचारायचं, ‘तू काय खेळशील, आणि का?’ मुलाच्या हातात रिमोट असेल तर तो थांबत नाही.

एक थांबा प्रत्यक्षात

कमी रेटिंगच्या व्हिडिओंत हमखास येणारी एक सुरुवात घेऊ. पट मांडून वाचा. तुम्ही काळ्या बाजूने आहात. प्रत्येक क्रमांकापुढे आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची; मोहऱ्याचं नाव नसेल तर चाल प्याद्याची, आणि क्रमांकापुढे तीन टिंबं असतील तर चाल काळ्याची.

१. ई४ ई५ २. घोडा एफ३, घोडा सी६ ३. उंट सी४, घोडा एफ६ ४. घोडा जी५.

थांबा. पहिला प्रश्न: या चालीने काय बदललं? एफ७ च्या प्याद्यावर उंट आणि घोडा असे दोन हल्लेखोर झाले आणि राखायला एकटा राजा. घोडा एफ७ वर बसला तर वजीर आणि हत्ती दोन्हींवर एकदम मारा. नवशिक्या इथे वहीत ‘वजीर ई७’ लिहितो, पण त्याने काम भागत नाही, कारण उंट एफ७ वर शह देत प्यादं मारतो आणि घोडा त्याच्या पाठीशी असतो. उंटाचा रस्ताच अडवायला हवा. म्हणून ४...डी५. हे सापडलं असेल तर चांगलं.

५. ई४ चं प्यादं डी५ मारतं. पुन्हा थांबा. बरेच जण इथे ‘घोडा डी५ मारतो’ लिहितात. प्यादं परत मिळालं, घोडा मध्यभागी आला, मग काय चुकलं? आता पांढऱ्याचे शह आणि मारामाऱ्या मोजा. ६. घोडा एफ७ मारतो. घोड्याचा बळी आहे. राजाने घोडा मारला की ७. वजीर एफ३ शह. आता शहाबरोबर डी५ वरच्या घोड्यावरही वजीर आणि उंट असे दोन मारेकरी. राजा मागे गेला तर घोडा गेला, म्हणून तो वाचवायला राजाला ई६ वर, पटाच्या मध्यभागी, उघड्यावर यावं लागतं. ८. घोडा सी३ आणि तिसरा हल्लेखोर हजर. काळ्याला सी६ चा घोडा बी४ किंवा ई७ वर नेऊन धरून ठेवावं लागतं. इंजिन कदाचित ही स्थिती धरून दाखवेल, पण दहा मिनिटांच्या डावात माणसाचा राजा ई६ वर टिकणं कठीण.

म्हणून अनुभवी खेळाडू ५...घोडा ए५ खेळतो. घोडा कडेला जातो, जे एरवी वाईट मानलं जातं, पण उंटावर मारा आहे. ६. उंट बी५ शह, सी६, ७. प्यादं सी६ मारतं, बी प्यादं सी६ मारतं. आणि उंटाला बहुतेक वेळा पुन्हा हलावं लागतं, समजा ८. उंट ई२. मग एच६ केलं की जी५ चा घोडाही हुसकावला जातो. आता मोजून बघा: पांढऱ्याने आठ चाली केल्या, त्यांतल्या पाच एका उंटाच्या आणि एका घोड्याच्या. काळा एक प्यादं मागे आहे, पण त्याची मोहरी बाहेर येण्याचे रस्ते मोकळे आहेत आणि पुढाकार त्याच्याकडे. ‘प्याद्याच्या बदल्यात वेळ’ हे वाक्य ग्रँडमास्टर सारखं बोलतो. इथे ते आकड्यांत दिसतं, म्हणून वहीत हीच मोजणी लिहा. फक्त ‘घोडा ए५’ लिहून पाठ केलंत तर पांढऱ्याने सातव्या चालीला दुसरं काही केल्यावर तुम्ही अडाल.

याच सुरुवातीतला दुसरा नेहमीचा प्रसंग पांढऱ्या बाजूचा. तिसऱ्या चालीला काळा घोडा डी४ वर येतो आणि ई५ चं प्यादं फुकट दिसतं. घोड्याने ते मारलं की वजीर जी५. मग हावरेपणाने ५. घोडा एफ७ मारतो, वजीर जी२ मारतो, ६. हत्ती एफ१, वजीर ई४ मारून शह, ७. उंट ई२, घोडा एफ३ मात. सात चालींत खेळ खलास, आणि पांढऱ्याचा राजा स्वतःच्याच मोहऱ्यांत अडकून मेला. योग्य उत्तर साधं आहे: ४. घोडा डी४ मारतो, प्यादं डी४ मारतं, मग कॅसलिंग. काळ्याने त्या घोड्यावर दोन चाली घातल्या आणि तो पटावरून गेला. आता त्याचं एकही मोहरं बाहेर नाही आणि डी स्तंभावर प्यादी एकामागे एक. फुकटचं काही दिसलं की ‘त्याने हे का सोडलं?’ असं विचारायचं. सुरुवातीला सांगितलेला नारोदित्स्की यांचा क्रम, समोरच्याचा हेतू आधी, तो इथे राजा वाचवतो.

चुकांची वही

थांब्यांवर हुकलेल्या प्रत्येक चालीपुढे चार शब्दांतला एक लिहा. चूक कोणत्या जातीची आहे त्यावर उपाय ठरतो, म्हणून ही वर्गवारी टाळू नका.

‘दिसलंच नाही’: समोरच्याचा शह, मारा, दूरच्या उंटाची तिरपी रेष नजरेत आलीच नाही. १२०० च्या आत बऱ्याच चुका याच असतात. इथे ओपनिंगचे, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचे, व्हिडिओ बघून उपयोग नाही. रोज पंधरा मिनिटं सोपी कोडी सोडवा, दहातली आठ-नऊ बरोबर येतील इतकी सोपी. लिचेसवर ती अमर्याद आणि फुकट आहेत. अवघड कोड्यांवर डोकं आपटण्याने ही नजर तयार होत नाही, सोप्या नमुन्यांच्या पुनरावृत्तीने होते.

‘हिशेब चुकला’: चाल दिसली, पण तिसऱ्या पायरीवर एक मोहरं हललेलं विसरलं. उपाय म्हणजे थांब्यावर मोहरी न हलवता शेवटची स्थिती डोळ्यांसमोर आणून तोंडाने बोलणं: ‘आता त्याचा राजा ई६, माझा वजीर एफ३, डी५ वर कोण?’ व्हिडिओत ग्रँडमास्टर वेगाने लांबलचक मार्ग बोलून दाखवतो, तेव्हाही थांबवून पटाकडे न बघता त्याच्यामागे जाण्याचा प्रयत्न करा. आधी दोन चाली जमतील, महिन्याभरात तीन-चार.

‘निवड चुकली’: दोन्ही पर्याय दिसले, हिशेबही बरोबर, पण वाईट पर्याय घेतला. ही चुकांमधली सर्वांत चांगली जात, आणि बोलणाऱ्या ग्रँडमास्टरचा खरा उपयोग इथेच. मारामारी केल्यावर कोणता मोहरा उरतो, प्यादी कशी राहतात, राजा किती उघडा पडतो, यावर तो जे एक-दोन वाक्यांत म्हणतो, ते शब्दशः उतरवून घ्या.

‘बेतच नव्हता’: शांत स्थितीत काहीच सुचलं नाही म्हणून कडेचं प्यादं सरकवलं. याला आळशी मोहऱ्याचा प्रश्न हाच उपाय. सर्वांत वाईट जागी असलेला मोहरा शोधून त्याला चांगलं घर द्या. पाच-सहा वेळा केलं की सवय लागते.

दहा व्हिडिओंनंतर वही उघडून मोजा. कोणता शब्द जास्त वेळा आला त्यावर पुढच्या महिन्याचा सराव ठरवा.

व्हिडिओ संपल्यावर

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ न लावता तो डाव आठवणीतून पटावर मांडा. जिथे अडाल, तिथे चालीचं कारण समजलेलं नव्हतं. तेवढाच भाग परत बघा. पूर्ण डाव पाठ व्हावा ही अपेक्षा नाही, पंधरा-वीस चाली आल्या तरी भरपूर.

त्यानंतर दोन दिवसांत त्याच सुरुवातीचे निदान दोन डाव स्वतः खेळा, १५+१० चे. लगेच इंजिन लावू नका. आधी स्वतः डाव चाळा, जिथे गडबड झाली असं वाटतं तिथे खूण करा, मग इंजिनशी ताडून बघा. इंजिन चाल सांगतं, कारण सांगत नाही. त्याने दाखवलेली चाल समजली नाही तर तिच्याऐवजी तुमची चाल खेळून समोरच्याच्या बाजूने उत्तर शोधा. बहुतेक वेळा दोन-तीन चालींत कारण उघडं पडतं.

ओपनिंग सारखं बदलण्याचा मोह फार होतो, कारण प्रत्येक व्हिडिओत नवं काहीतरी चमकतं. सोमवारी लंडन, बुधवारी किंग्ज गॅम्बिट, रविवारी सिसिलियन. तीन महिने पांढऱ्याने एक आणि काळ्याने ई४ व डी४ ला एकेक, एवढंच ठेवा. व्हिडिओही त्यांचेच निवडा. एकाच सुरुवातीचे सहा व्हिडिओ सलग बघितले की तोच घोडा त्याच घरात का जातो, तेच प्यादं कधी पुढे सरकतं, हे आपोआप उलगडतं.

आणि डाव जिंकल्यात जमा झाला म्हणून व्हिडिओ बंद करू नका. एक मोहरा वर असताना ग्रँडमास्टर काय करतो? घाई करत नाही, समोरच्याचे शह संपवतो, वजीर-वजीर मारामारी करतो, राजा मध्यभागी आणतो, मग प्यादं चालवतो. खालच्या पातळीवर जिंकलेले कितीतरी डाव इथेच बरोबरीत सुटतात, बऱ्याचदा कोंडी होऊन, म्हणजे शह नसताना समोरच्याला चालच न उरल्याने. याच भागात एक स्थिती पक्की करून टाका: पांढरा राजा ई५, प्यादं ई४, काळा राजा ई७. पांढऱ्याची चाल असेल तर बरोबरी, काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो. लिचेसच्या पट-संपादकात ती मांडून संगणकाविरुद्ध दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा खेळा. समोरासमोर उभे असलेले राजे आणि ‘चाल कोणाची’ हा प्रश्न एकदा हाताला कळला की प्याद्यांच्या शेवटांवरचं ग्रँडमास्टरचं निम्मं बोलणं समजायला लागतं.

पायरी कधी बदलायची? सलग पाच व्हिडिओंत सहापैकी चार थांब्यांवर कारण जुळलं तर समोरच्याचं रेटिंग २०० ने वाढवा. नव्या पायरीवर पहिल्या दोन-तीन व्हिडिओंत गुण सहापैकी दोनवर येतील. पाच व्हिडिओंनंतरही दोनच्या वर जात नसतील तर एक पायरी खाली या आणि त्या पायरीवरचे, तुमच्याच ओपनिंगचे, न बघितलेले डाव घ्या.